नारळाची सोडणं जाळायची आणि पीट आणायचं? आमच्या पालिकेला खुलं पत्र

मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि उद्यान समितीचे सर्व सदस्य,
स.न.वि.वि.

समुद्रालगतच्या रस्त्याच्या सुशोभीकरणाचा दुसरा टप्पा आपण मंजूर केलात. त्याची निविदा मी वाचली. झाडांची यादी पाहिली, कुंड्यांची मापं पाहिली, ठिबकचा आराखडाही पाहिला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ‘कुंडी भरण्याचं माध्यम’ या रकान्यात ‘आयात केलेलं स्फॅग्नम पीट, किमान 60 टक्के’ (पीट म्हणजे थंड देशांतल्या दलदलींतून खणून काढलेला, अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर) असं लिहिलं आहे आणि त्याला ‘सेंद्रिय, पर्यावरणपूरक’ अशी दोन विशेषणं जोडली आहेत. या एका ओळीसाठी हे पत्र.

शहराचं नाव मुद्दाम घालत नाही. ते आपल्याला ठाऊक आहे. आणि किनाऱ्यावरच्या बाकीच्या पालिका, रिसॉर्टवाले, डोंगरावर बंगले बांधणारे पाहुणे यांनीही हे पत्र आपल्याच नावाने आलं आहे असं समजून वाचावं. कोकणात एका गावाने गेटवर कारंजं बसवलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत चार गावांत कारंजी दिसतात. कुंड्यांचंही तेच होणार.

माझा स्वार्थ आधीच सांगून टाकते. आमची रोपवाटिका आहे. हापूसची कोय कलमं, सुपारी, नारळ, जास्वंद, अनंत, पावसाच्या तोंडावर भाजीची रोपं. कुंड्या भरायचं मिश्रणही आम्ही विकतो. तेव्हा पीटचं कलम रद्द झालं तर आमचे चार पैसे होतील, हे उघड आहे. म्हणून मी लिहिते ते तसंच्या तसं मानू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारा, भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात विचारा. आणि शंका राहू नये म्हणून मला या कामातून खुशाल वगळा.

पहिल्या टप्प्याच्या कुंड्या ठेकेदाराने आमचंच आवार भाड्याने घेऊन भरल्या होत्या. त्यामुळे हा माल मी हाताळला आहे. दाबून बांधलेल्या गासड्या, प्लॅस्टिकवर ‘मूळ देश: लॅटव्हिया’ असं छापलेलं. आतला माल तपकिरी, हलका, धाग्याधाग्यांचा. दिवस उन्हाचे होते. आमच्याकडे जुने काका कामाला आहेत, त्यांनी भरलेल्या कुंडीत दोन तांबे पाणी ओतलं. ते वर तरंगलं आणि कडेच्या फटीतून भोकावाटे सरळ खाली आलं. काका म्हणाले, “वयनी, ही माती पाणीच पिना नाय.” मग ठेकेदाराच्या माणसाने त्यात पाणी मुरवायचं रसायन मिसळलं. निविदेत सेंद्रिय लिहिलेल्या मालात. असो.

याबद्दल विचारायला मी आपल्या कार्यालयात आले, तेव्हा मला सांगण्यात आलं की पीट म्हणजे कोकोपीटच, त्यात काय एवढं. तसं नाही. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून, म्हणजे वरच्या जाड सालीतून, काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. तो दर हंगामात नव्याने होतो. पीट खणून काढावं लागतं, आणि ते जिथून खणतात ती जागा माणसाच्या हयातीत पुन्हा भरून येत नाही. निविदा लिहिणाऱ्याला हा फरक माहीत नसेल तर तो कळावा, आणि माहीत असूनही लिहिलं असेल तर लोकांना कळावा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅनडा, रशिया, फिनलंड, लॅटव्हिया, एस्टोनिया, आयर्लंड, स्कॉटलंड. या थंड मुलखांत मैलोनमैल ओल्या, आम्ल दलदली आहेत. तिथे स्फॅग्नम जातीचं शेवाळ वाढतं. ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवतं आणि भोवतालचं पाणी आम्ल करतं. वरचं शेवाळ वाढत राहतं, खालचं मरतं आणि पाण्याखाली दबत जातं. तिथे हवा पोचत नाही, आम्लता भरपूर, वर थंडी. कुजवणाऱ्या जीवाणूंचं काही चालत नाही. खारातल्या कैऱ्यांसारखा तो मेलेला पाला तसाच टिकून राहतो. किती टिकतो? 1950 साली डेन्मार्कमध्ये पीट कापणाऱ्यांना दलदलीत एका पुरुषाचा देह सापडला. गळ्यात फास, डोक्याला कातड्याची टोपी, हनुवटीवर खुरटी दाढी शाबूत. नुकताच खून झाला असावा असं वाटून त्यांनी पोलिसांना बोलावलं. तो माणूस सुमारे 2400 वर्षांपूर्वी मेलेला निघाला. आज जग त्याला टोलुंड मॅन म्हणून ओळखतं.

अशा दलदलीत पीटचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटरने वाढतो. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी 1664 साली झाली. त्या वर्षापासून आजपर्यंत एखाद्या निरोगी दलदलीत जे पीट साठलं असेल त्याची जाडी फूट-सव्वा फूट भरेल. आपल्या निविदेतली कुंडी 60 सेंटिमीटर उंच आहे.

आता ते काढतात कसं ते पाहा. आधी दलदलीत चर खणून पाणी काढून देतात. मग वरचं जिवंत शेवाळ खरवडून फेकतात. उघडा पडलेला थर यंत्राने भुसभुशीत करून उन्हावाऱ्यात वाळवतात आणि मोठमोठ्या यंत्रांनी हवेच्या झोताने ओढून घेतात. एका हंगामात काही सेंटिमीटर थर जातो, म्हणजे कित्येक दशकांची भर. खाली जे उरतं तेही मग सुरक्षित राहत नाही. पाणी उतरलं की हवा शिरते, हवा शिरली की इतकी शतकं थांबलेलं कुजणं सुरू होतं आणि साठलेला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन वर जातो. गासडीत भरून आपल्याकडे आलेल्या पीटचंही तेच होतं, फक्त आपल्या रस्त्यावर, आपल्या कुंडीत होतं. आपल्याकडच्या उष्ण-दमट हवेत तर ते आणखी लवकर होतं. पहिल्या टप्प्यातल्या कुंड्या काठापासून खाली खचल्या आहेत, ते पाणी कमी पडलं म्हणून नव्हे.

पृथ्वीवरच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के भागावर पीटच्या दलदली आहेत. तेवढ्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडांमध्ये आहे त्याहून जास्त आहे. आणि ज्या दलदली माणसाने सुकवल्या, त्यांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड माणसामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे 5 टक्के भरतो. इंडोनेशियात 1990 च्या दशकात कालिमंतान भागात भातशेतीसाठी दहा लाख हेक्टरांची योजना आखून पीटच्या दलदलीत कालवे खणले. भात काही पिकला नाही. सुकलेल्या पीटला आगी मात्र लागू लागल्या. 2015 साली इंडोनेशियातल्या आगींच्या धुराने सिंगापूर आणि मलेशियातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पीट जमिनीखालून धुमसत जातं, वरून पाणी मारून विझत नाही.

यावर कुणी म्हणेल, बागकामाला लागणारं पीट ते केवढं! बरोबर आहे. जगात ज्या दलदली सुकवल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक शेतीसाठी, लाकडासाठी आणि जळणासाठी. बागवाल्यांचा वाटा त्या मानाने लहान आहे. पण सुकवलेल्या जमिनीवर शेती करणाऱ्याचं पोट त्यावर असतं. थंड देशात चुलीसाठी पीट जाळणाऱ्यालाही काही कारण असतं. आपल्या रस्त्यावरच्या बोगनवेलीला पीट लागतच नाही. ती जांभ्याच्या खडीत, भिंतीच्या कडेला, पाणी न घालता फुलते. जिथे गरज आहे तिथे पीट वापरायचं थांबवणं कठीण असतं. जिथे गरजच नाही तिथे तरी ते आणू नये, एवढंच म्हणते.

ज्या देशांत पीट निघतं तिथले लोकही यावर शांत नाहीत. ब्रिटनच्या सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर केलं की हौशी बागवाल्यांना पीट विकणं 2024 पर्यंत बंद करू. 2024 उलटलं, कायदा आला नाही, आणि तिथले बागवाले त्यावरून सरकारला अजून टोचत असतात. आयर्लंडमधल्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने, जिचा जन्मच पीट काढण्यासाठी झाला, जानेवारी 2021 मध्ये पीट काढणं कायमचं थांबवत असल्याचं सांगितलं. तिकडच्या दुकानांत ‘पीटविरहित’ असं ठळक छापलेली पोती मिळतात आणि त्यांतल्या पुष्कळ पोत्यांत काय असतं? दक्षिण भारतातून, श्रीलंकेतून गेलेला नारळाचा भुसा. आपला भुसा त्यांच्याकडे, त्यांचं पीट आपल्या नारळीखाली. हा उलटा व्यवहार आपण निविदा काढून करतो आहोत.

एवढं लांबचं दुखणं मला का लागावं, असं आपल्याला वाटेल. आपल्या सड्यामुळे, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारामुळे.

पावसाळ्यात सड्यावर जाऊन बघा. कातळावर वीतभरही माती नसते, साचलेल्या पाण्यात नत्र नसतं, तिथे दवबिंदू उगवतो, चिकट केसांवर किडे धरून जगणारा. त्याच्या शेजारी सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात, तीही किडेखाऊ. लॅटव्हियाच्या आणि आयर्लंडच्या दलदलींत हीच कुळं आहेत. दवबिंदूची भाऊबंद रोपटी तिथल्या स्फॅग्नममध्ये अशाच चिकट पानांनी किडे पकडतात, कारण तिथेही मातीत खायला काही नाही. आणि जसं आपल्या सड्यांवर कातळशिल्पं निघाली, ज्यांचं नाव 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे, तशी त्यांच्या दलदलींत हजारो वर्षांपूर्वीची माणसं, लाकडी वाटा, भांडी निघतात. आणखी एक साम्य आहे. सरकारी दप्तरात आपला सडा ‘पडीक’. त्यांच्या दलदलीही शतकानुशतकं पडीकच म्हटल्या गेल्या. पडीक म्हटलं की खणणाऱ्याला कुणी अडवत नाही. चिरेखाणींच्या शेजारी राहणाऱ्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

आपल्याकडेही ओल्या जमिनी आहेत. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डेच्या मायरिस्टिका (रानजायफळाच्या कुळातल्या झाडांच्या) दलदलीला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. खाडीतल्या कांदळवनाखालच्या काळ्या चिखलात हवा नसते, म्हणून तिथेही कार्बन शतकानुशतकं राहतो. तत्त्व तेच. 2020 साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला तेव्हा आपण खाडीच्या पुलावर ‘कांदळवन वाचवा’ असा फलक लावला होता. त्या फलकापासून चालत जाण्याच्या अंतरावर दुसऱ्या देशातली दलदल कुंड्यांत भरून ठेवायची, हे मला जुळवता येत नाही.

आता हवामानाचं. इथे मी पर्यावरण बाजूला ठेवते, फक्त माळीकाम बोलते. पीट एकदा कोरडं पडलं की पाणी झिडकारतं, कुंडीच्या भिंतीपासून सुटून आक्रसतं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात, तेही नळाला दिवसाआड पाणी असताना, ते कोरडं पडणारच. उलट आषाढात ते पाणी सोडत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या गावात पाणी धरून ठेवणारं माध्यम 60 टक्के घालायचं म्हणजे मूळकुजीला आमंत्रण. पहिल्या टप्प्यातल्या बोगनवेली श्रावणात पिवळ्या पडून गेल्या त्या खाऱ्या वाऱ्याने गेल्या असं आपल्या अहवालात आहे. बोगनवेल खाऱ्या वाऱ्याने इतक्या सहज मरत नाही. ती पाय ओले राहिल्याने मरते. त्यात पीटचा सामू (पीएच) 3.5 ते 4.5, म्हणून त्यात चुना मिसळावा लागतो. आपली जांभ्याची माती मुळातच आम्ल. आम्लावर आम्ल घालून मग चुन्याचा खर्च करायचा.

सोडणांची गोष्ट मात्र मला सावकाश सांगायची आहे, कारण माझा खरा राग तिथे आहे.

आमच्या वाडीत सोडण कधी टाकलं गेलं नाही. न्हाणीच्या चुलीत पाणी तापवायला तेच. गोठ्यात धूर करायला तेच. माडाच्या बुंध्यापासून जरा लांब चर खणून त्यात सोडणं पुरायची, आतली बाजू वर करून, म्हणजे वाटीत पाणी धरलं जातं. पुरलेली सोडणं पाच-सहा वर्षं ओल धरतात, मग त्यांचीच माती होते. उन्हाळ्यात त्या माडाला पाणी कमी लागतं. हे शहाणपण कुणा एका घरचं नाही, नारळाच्या सगळ्या किनाऱ्यावर हेच करतात आणि कृषी संशोधकही हेच सांगतात.

आता घराघरांत गॅस आणि गिझर आले. आगरं विकली गेली, त्यांवर लॉज झाले. आणि पर्यटक वाढले तसा शहाळ्यांचा खप वाढला. सुट्टीच्या दिवसांत किनाऱ्यावरच्या टपऱ्यांमागे शहाळ्यांचे ढीग लागतात. त्यांत पाणी साठतं, डास होतात. मग आपली घंटागाडी ते उचलते आणि ओल्या-सुक्या कचऱ्यासकट डेपोवर नेऊन टाकते. तिथे ते पेटतात. कोण पेटवतं ते कुणालाच माहीत नसतं. सोडण पेटलं की दिवसेंदिवस आतल्या आत धुमसतं, आणि संध्याकाळी वारा फिरला की तो धूर खालच्या वाडीत उतरतो. त्या वाडीत माझी बहीण राहते. तिची सून दम्याची आहे.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली. त्याच नियमांत स्थानिक संस्थांना सांगितलं होतं की बागा-उद्यानांतला पालापाचोळा वेगळा गोळा करा आणि शक्यतो तिथल्या तिथे त्यावर प्रक्रिया करा. म्हणजे आपली जबाबदारी दोन्ही टोकांना आहे. एका टोकाला सोडण कुजवायचं, दुसऱ्या टोकाला बाग भरायची. मधली वाट दोन किलोमीटरची. ती वाट सोडून आपण बाल्टिक समुद्राकडे गेलो.

कोकोपीटही धुतल्या तांदळासारखं नाही, हे मी विक्रेती असूनही सांगते. सोडणातून काथ्या काढला की काथ्याच्या साधारण दुप्पट भुसा निघतो, आणि त्यात मीठ आणि पालाश भरलेलं असतं. खाडीच्या पाण्यात भिजवलेल्या सोडणाचा भुसा तर जास्तच खारट. तो न धुता वापरला तर रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि लोक म्हणतात कोकोपीट वाईट. धुवायचा तर गोडं पाणी लागतं, आणि ते आपल्याकडे मे महिन्यात प्यायलाही टँकरने येतं. शिवाय घाटापलीकडून, तमिळनाडूतून ट्रक भरून कोकोपीट मागवायचं आणि इथली सोडणं जाळत राहायची, यातही मला शहाणपण दिसत नाही. तेव्हा पीट खोडून त्या जागी नुसतं ‘कोकोपीट’ लिहिलंत तर काम अर्धंच होईल.

पण धुण्याचा प्रश्न कोकणाला पडायचं कारण नाही. भुशाचा ढीग जांभ्याच्या कातळावर चार महिने पावसात ठेवला की मीठ आपोआप निघून जातं. त्यातून चहाच्या रंगाचं पाणी सुटतं, ते विहिरीत किंवा व्हाळात जाऊ नये एवढी जागा बघून ढीग करावा लागतो. कॉयर बोर्डाने धिंगरी अळिंबीच्या जातीची बुरशी वापरून भुसा कुजवायची पद्धत काढली आहे. बुरशीचं ते बियाणं ‘पिथप्लस’ नावाने मिळतं. भुशाचे थर, त्यावर हे बियाणं आणि थोडा युरिया, ओल राखली की महिन्याभरात भुसा काळा पडून मऊ होतो. शहाळ्याचं सोडण ओलं आणि चिवट असतं, त्याला आधी यंत्रात बारीक करावं लागतं, मग वेळही जास्त लागतो. झावळ्यांचं गांडूळखत करायची रीत कासरगोडच्या केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेने बसवून दिलेली आहे. यातलं काहीच नवीन नाही. नवीन फक्त पालिकेने करणं एवढंच राहिलं आहे.

आम्ही वापरतो ते मिश्रण लिहून देते, पेटंट नाही. पावसात धुतलेला, कुजलेला सोडणाचा भुसा तीन भाग, तांबडी माती दोन भाग, शेणखत एक भाग, भाताचं तूस मूठ-दोन मूठ. बोगनवेलीसाठी भुसा कमी करून जांभ्याची बारीक खडी. पातेरा (वाळका पाला) कुजवून मिळाला तर शेणखत अर्ध्यावर आणता येतं. (पातेऱ्यासाठी राखणीतलं रान ओरबाडू नये, रस्त्यावर झाडून पेटवतात तोच पुष्कळ असतो.)

आणखी एक लहान गोष्ट, पण ती मला लागली. पर्यावरण दिनाला पालिकेतर्फे शाळांतून मुलांना ‘बी लावा’ म्हणून डब्या वाटल्या. डबीत झेंडूचं बी आणि दाबलेली तपकिरी चकती. पाणी घातलं की चकती फुगते, मुलांना मजा वाटते. डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की चकती पीटची आहे. वसुंधरा वाचवा असं डबीच्या पुढच्या बाजूला होतं. ज्या मुलांच्या घरामागे शेण, माती, राख आणि सोडणं पडलेली आहेत, त्यांना बी लावायला परदेशी दलदल लागते हे आपण शिकवलं. करवंटीत माती भरून दिली असती तरी चाललं असतं. करवंटी फुकट आहे.

निविदेच्या अटीचा आणखी एक परिणाम आपल्या लक्षात आला आहे की नाही, माहीत नाही. आयात पीट लिहिलं की इथला एकही रोपवाटिकावाला, एकही बचत गट या कामाला उभा राहू शकत नाही. माल मुंबईच्या बंदरातून येतो, ठेकेदार बाहेरचा असतो, इथल्या बायकांच्या वाट्याला कुंड्यांना पाणी घालायची रोजंदारी येते. सोडण फोडणं, भुसा चाळणं, कुजवणं, पिशव्या भरणं हे सगळं काम इथे होऊ शकतं आणि ते पावसाळ्यातही चालतं, जेव्हा मासेमारी बंद असते आणि घरात रोख पैसा नसतो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

दुसऱ्या टप्प्याच्या निविदेतलं पीटचं कलम रद्द करा आणि शुद्धिपत्रक काढा. नव्या अटीत मालाचं नाव न लिहिता गुण लिहा: सामू 5.5 ते 6.5, क्षारता मिलीसीमेन्सच्या मापात 0.5 च्या आत, निचरा किती हवा, खत किती हवं. त्यासोबत एक वाक्य स्पष्ट घाला: कोणत्याही प्रमाणात पीट चालणार नाही. माल प्रयोगशाळेत तपासून घ्या, माझा असला तरी.

पहिल्या टप्प्यात किती पीट आणलं, कुठून आणलं, काय दराने आणलं, त्याची आयातीची कागदपत्रं काय आहेत, हे पालिकेच्या फलकावर लावा. जे आलं आहे ते फेकू नका, फेकून दलदल परत येणार नाही. त्यात माती आणि खडी मिसळून तेच वापरा, फक्त नवीन आणू नका.

शहाळी आणि सोडणं वेगळी उचला. टपरीवाल्यांना त्यासाठी जागा ठरवून द्या. बाजाराजवळ एक सोडण दळायचं यंत्र आणि पत्र्याची शेड, आणि सड्यावर विहिरीपासून लांब भुसा मुरवायची जागा, एवढं करा. सुशोभीकरणाच्या खर्चातून हे सहज बसेल. पुतळ्याभोवतीचे दिवे पुढच्या वर्षी लावले तरी चालतील. ते चालवायला बचत गटांना द्या आणि तयार होणारा माल पालिकेच्या बागांसाठी आधी विकत घ्या. नाहीतर यंत्र गंजतं, आपल्याकडे अशी यंत्रं आहेत.

डेपोवरची आग बंद करा. ‘आपोआप लागली’ हे उत्तर यापुढे नको. आग लागली की कुणाची पाळी होती ते लिहून ठेवा.

शाळांना पीटच्या चकत्या देऊ नका.

आणि माझ्या धंद्यातल्या भावाबहिणींना एक विनंती, मागणी नव्हे. तयार मिश्रणाची पिशवी विकताना आत काय आहे ते वर लिहूया. पीट असेल तर पीट लिहूया. गिऱ्हाईक विचारत नाही, कारण त्याला माहीत नाही. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक गच्चीवरच्या बागेसाठी ‘इम्पोर्टेड’ मागतं आणि आपण आनंदाने देतो. एखाद्या वेळी त्याला सांगून तर बघू.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि त्याआधी या पत्राचं लेखी उत्तर द्यावं, ही विनंती. निविदा उघडायची तारीख सभेच्या आधीची आहे, ती पुढे ढकलावी लागेल. सभेला मी येणार आहे. नागरिकांना बोलू देत नाहीत हे माहीत आहे, म्हणून आमच्या प्रभागाच्या नगरसेविकांना हेच प्रश्न लिहून दिले आहेत. त्यांनी विचारायचं कबूल केलं आहे.

आपली विश्वासू,
एक रोपवाटिकाधारक आणि पालिकेची घरपट्टी भरणारी नागरिक